काडतुसांसाठी जुनी दारू

माझे बालपण पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्याजवळ गेले. 1869 पासून चालत आलेल्या त्या कारखान्याच्या भिंतीआड काय भरले जाते, याचे लहानपणी फार कुतूहल होते. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे 1959 च्या शस्त्र अधिनियमाने निषिद्ध आहे. इथे अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मात्र नेमबाजीच्या क्लबातील अनेक जण घरच्या टेबलावर स्वतःची काडतुसे भरतात, आणि आता मीही भरतो.

.38 स्पेशल या काडतुसाच्या रिव्हॉल्वरसाठी मी युनिक ही दारू निवडली. ती 1900 च्या सुमारास बाजारात आली. तिच्या चपट्या चकत्या मापकातून एकसारख्या पडत नाहीत, त्यामुळे तराजूवर वारंवार पडताळणी करावी लागते आणि नवशिक्याचा धीर सुटतो. तरीही मी तिलाच धरून आहे, कारण ती आकारमानाने फुगीर आहे. बुल्सआय ही तिच्याहूनही जुनी दारू काडतुसाच्या पितळी कवचाच्या तळाशी इतकी कमी जागा घेते की चुकून दुसऱ्यांदा भरली तरी सहज लक्षात येत नाही, आणि तशा काडतुसाने बंदूक फुटू शकते. युनिकची दुहेरी भरणी डोळ्यांना लवकर दिसते.

.30-06 या काडतुसाच्या गॅरंड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलसाठी मी आयएमआर 4895 ही दारू घेतली. या रायफलची यंत्रणा नळीतून वळवलेल्या वायूवर चालते. दारू फार सावकाश जळणारी असेल तर वायूच्या छिद्रापाशी दाब वाढून आतला दांडा वाकू शकतो. दुसऱ्या महायुद्धात सैन्याची काडतुसे याच जातीच्या दारूने भरली जात, आणि युद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी त्यातील शिल्लक साठा कॅन्ससमधूनच विकायला सुरुवात केली. मात्र हॉजडन कंपनीची एच 4895 ही वेगळी दारू आहे. आकडे सारखे आहेत म्हणून एकीचे माप दुसरीला लावू नये.

जुनी दारू म्हणजे जुना डबा नव्हे, तसेच जुने माप तर मुळीच नव्हे. त्याच नावाची दारू काळानुसार बदललेली असू शकते, म्हणून मी उत्पादकाची आजचीच पुस्तिका वापरतो आणि तिच्यातील सर्वांत कमी मापापासून सुरुवात करतो. क्लबातील एका वयोवृद्ध सदस्यांनी प्रेमाने दिलेला एक डबा उघडला, तेव्हा आंबट, नाकात झोंबणारा वास आला आणि झाकणाखाली तांबूस वाफ दिसली. दारूतील मुख्य घटक असलेले नायट्रोसेल्युलोज विघटित होऊ लागल्याची ती खूण होती. तो डबा मी तत्काळ घराबाहेर नेला, आणि अनुभवी सदस्यांनी ती दारू त्याच दिवशी नष्ट केली.