एस्तेली का विझते? प्रांतवार चाचणीची पुढची नोंद

मंडळी, एकेका प्रांताचं तंबाखूचं पान पोटात घालून वळलेल्या सिगारच्या कांड्या ओढून बघायच्या आपल्या गेल्या बैठकीत निकाराग्वाची एस्तेली तळाला गेली, आणि तीही सगळ्यांच्याच कागदांवर. दोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सिबाओचं पिलोतो वर, त्याखाली निकाराग्वाचंच हालापा, मग आमच्या इथलं, कनेक्टिकटचं ब्रॉडलीफ, आणि शेवटी एस्तेली. बसलेल्यांपैकी निम्मे लोक निकाराग्वाचे सिगार पेटीपेटीने घेतात. नाकात मिरीचा झणका आला नाही तर "यात काही दम नाही" म्हणतात. सिगारवरच्या नावाच्या पट्ट्या काढल्यावर त्यांची आवड अशी उलटी कशी फिरली?

रचना जुनीच होती. बाइंडर (पोटातली पानं बांधून ठेवणारं पान) सगळ्या कांड्यांना ओलोर दोमिनिकानो या दोमिनिकन वाणाचा, रॅपर (सगळ्यात बाहेरचं पान) इक्वेडोरमध्ये पिकलेल्या कनेक्टिकट बियाण्याचा, आणि पोटात मात्र एकाच प्रांताचं पान. लांबी-जाडी सारखी, साचा एकच. फरक पडलाच तर तो पोटातल्या पानामुळेच पडावा, इतकाच हेतू.

कागद पुन्हा शांतपणे वाचले तेव्हा लक्षात आलं की एस्तेलीच्या चवीबद्दल कोणी फारसं लिहिलेलंच नाही. "परत पेटवावी लागली." "रॅपर पुढे जळतोय, पोट मागे राहतंय." "मधे टोकदार निखारा." "दुसऱ्यांदा पेटवल्यावर कडू." लोकांनी एस्तेली नापसंत केली नव्हती, न जळणारी कांडी नापसंत केली होती. परत परत पेटवलेल्या सिगारमध्ये जुनी राख आणि थंड झालेला डांबरट धूर तोंडात येतो, त्यापुढे कुठल्याही मातीची चव टिकत नाही.

तेव्हापासून या एका जळण्यामागे लागलो आहे.

पहिला संशय ओलाव्यावर. इथे हार्टफर्डला हिवाळ्यात घर तापवलं की हवा इतकी कोरडी होते की रॅपर हातात घेतला तरी चरचरतो. म्हणून वळायच्या आधी पानं मऊ करताना हात जरा सैल सुटतो, आणि जाड पान पाणी धरून ठेवतं. एस्तेलीच्या कांड्या ६९ टक्के आर्द्रतेच्या डब्यातून काढून ६२ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासोबत ठेवल्या. कडांचं जळणं सुधारलं, पण पोट तसंच ढिम्म. (या पाकिटांबद्दल माझं मत बदललेलं नाही. स्पंज आणि डिस्टिल्ड पाण्याच्या खटपटीपेक्षा दोन्ही बाजूंनी काम करणारी बोव्हेदाची पाकिटं घ्या आणि निवांत राहा. पुण्यातला आपला मित्र पावसाळ्यात हीच पाकिटं डब्यातला ओलावा ओढून घ्यायला वापरतो, मी इथे ओलावा द्यायला वापरतो.)

दुसरा संशय वळण्यावर. आतापर्यंत पानं घड्या घालून एकत्र दाबत होतो, या वेळी एंतुबादो करून पाहिलं. प्रत्येक पान स्वतंत्र नळीसारखं गुंडाळून मग त्या नळ्या एकत्र बांधायच्या. हवा आरपार जाते, ओढ सुरेख मिळते. हे जमलं याचा आनंद वेगळा आहे आणि तो मी दडवणार नाही: हालापाच्या एका कांडीची राख अर्ध्याच्या पुढे गेली तरी पडली नाही, आणि डोक्यावरची टोपी तीन वेढ्यांची, एकही सुरकुती नाही. चावेता, म्हणजे पान कापायची सुरी, नवी घेतली आहे, गोल पात्याची, तिचाही वाटा असेल. पण एस्तेली? ओढ मोकळी, झुरका भरपूर, आणि तरीही विझली.

मग पान नुसतंच तपासलं. एक बोटभर पट्टी कापून टोकाला निखारा लावायचा, फुंकायचं नाही, आणि निखारा किती लांब सरकतो ते बघायचं. पिलोतोची पट्टी शांतपणे जळत गेली. हालापाचीही. एस्तेलीचा निखारा कडेलाच मेला. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, तेच. म्हणजे दोष वळण्यात नव्हता, पानातच काहीतरी होतं.

इथेच गाठ सुटली. तीन पानं टेबलावर शेजारीशेजारी पसरली. एस्तेलीचं पान दुप्पट जाड, गडद, बोटांना चिकटणारं, शिरा ठसठशीत. हे सेको, म्हणजे रोपाच्या मधल्या थराचं पान, नाही. हे रोपाच्या शेंड्याजवळचं पान आहे, लिगेरो, किंवा फार तर वरचं व्हिसो. पाकिटावर लिहिलं होतं: निकाराग्वा, एस्तेली, हबानो (मूळ क्युबन) बियाणं, फिलर (पोटातलं पान). रोपाच्या कुठल्या थराचं पान, याबद्दल एक अक्षर नाही. विक्रेत्याला विचारल्यावर उत्तर आलं की हो, वरच्या तोडणीचं आहे. आणि पिलोतो नि हालापा मात्र सेको म्हणूनच विकलेले.

थराचं नाव न छापणाऱ्या विक्रेत्यांवर माझा खरा राग आहे. नावाजलेलं गाव मोठ्या अक्षरात, आणि ज्यावर सगळं अवलंबून ते गायब. खालची पानं, म्हणजे व्होलाडो, पातळ असतात, चव बेताची, पण आग धरून ठेवतात. मधल्या सेकोत सुगंध. वरच्या लिगेरोला ऊन सगळ्यात जास्त मिळतं, तेल आणि निकोटिन जास्त, पान जाड, जळणं संथ. म्हणूनच कारखान्यात वळणारे लिगेरो नेहमी मधोमध ठेवतात आणि भोवती सेको, व्होलाडो घालतात. नुसत्या लिगेरोची कांडी बांधली तर ती विझणारच, मग ती एस्तेलीची असो की क्युबातल्या पिनार देल रिओची. आंबवणंही वेगळं. थप्पीत आतली उष्णता वाढली की थप्पी मोडून, पानं उलटीपालटी करून पुन्हा रचायची. लिगेरोला ही फेरी कितीतरी जास्त वेळ लागते. आंबताना सुटणारा अमोनिया पुरता निघून गेला नसेल तर धूर नाकात टोचतो, आणि लोक त्यालाच "निकाराग्वाची मिरी" समजून बसतात.

दुसऱ्या एका छोट्या विक्रेत्याकडून एस्तेलीचं सेको मिळवलं. महाग पडलं, पण पाकिटावर थर, तोडणीचं वर्ष, बियाणं, सगळं छापलेलं. पट्टीवरचा निखारा सरकत गेला तेव्हा मी एकटाच खोलीत "अरे वा!" म्हणून ओरडलो.

नव्या बैठकीत तेच लोक, पट्ट्या काढलेल्या, रॅपर तोच. एस्तेली वर आली. पहिली नाही, पण पिलोतोच्या खांद्याला खांदा लावून. मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे की चवीचे शब्द आता वेगवेगळ्या कागदांवर जुळायला लागले. एस्तेली: काळी मिरी, ओली माती, शेवटाला कडक कॉफी. हालापा: गोडसर, भाजलेल्या पावाचा वास, धूर मऊ. ही दोन खोरी एकाच देशाच्या उत्तर भागात आहेत. हालापा होंडुरासच्या सीमेला अगदी टेकलेलं, तिथली माती हलकी, तांबूस. एस्तेलीची काळी, जड. सेकोला सेको लावून पाहिलं तेव्हा फरक उरला, पण आपण सगळे बोलत होतो त्यापेक्षा तो बारीक निघाला. "कडक" आणि "सौम्य" यांतला मोठा भाग प्रांतामुळे नव्हता, रोपावरच्या उंचीमुळे होता.

म्हणून आता माझं म्हणणं असं आहे की "मला दोमिनिकन आवडतो" किंवा "मी निकाराग्वाचाच माणूस" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपण एखाद्या मिश्रणाची सवय सांगत असतो. इथे अमेरिकेत ही सवय इतिहासाने लावली. फेब्रुवारी १९६२ मध्ये क्युबावर व्यापारबंदी आली आणि तिथल्या व्हुएल्ता अबाहो भागाचं पान दुकानातून नाहीसं झालं. बियाणं घेऊन बाहेर पडलेले क्युबन शेतकरी दोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा असे पसरले. पुढे बरीच वर्षं इथला ग्राहक कनेक्टिकट शेड (मांडवाच्या सावलीत वाढवलेल्या) रॅपरच्या सौम्य दोमिनिकन सिगारवर वाढला, आणि आता त्याच दुकानात निम्मं फडताळ एस्तेलीचं असतं. लोकांच्या जिभा एका पिढीत बदलल्या नाहीत, समोर जे ठेवलं गेलं ते बदललं. क्युबात मात्र पिनार देल रिओच्या सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांचं पान लोक आजही शिफारस न लागता मागतात. मला ते कायद्याने मिळत नाही. पुण्याचा मित्र शुल्क भरून घेतलेल्या क्युबन सिगारच्या नोंदी पाठवतो, त्या मी आवडीने वाचतो, पण माझ्या तक्त्यात घेत नाही: त्याची सिगार म्हणजे व्होलाडो, सेको, लिगेरो यांचं तयार मिश्रण, माझी कांडी एकाच थराची.

रॅपरचा एक छोटा प्रयोग मधेच उरकला, कारण ब्रॉडलीफ इथे दारातच पिकतं. हालापाचं तेच सेको, एका कांडीवर इक्वेडोरचा फिका रॅपर, दुसरीवर ब्रॉडलीफचा काळा. काळ्या कांडीला जवळजवळ सगळ्यांनी "लिगेरो आहे" असं लिहिलं. ब्रॉडलीफचं अख्खं रोप बुंध्यापासून कापून टांगतात, शेडची पानं एकेक करून खुडतात. ब्रॉडलीफ जाड, जास्त उष्णतेत जास्त दिवस आंबवलेलं, त्याला गुळचट खमंगपणा येतो, हे खरं. पण रंग बघूनच लोकांनी ताकद ठरवली, असा मला दाट संशय आहे. पुढच्या वेळी कांड्यांवर कागदाची नळी चढवणार, फक्त टोक उघडं.

शेडबद्दल एक सांगतोच. विंडसरच्या बाजूला अजून काही शेतांवर पांढऱ्या कापडाचे मांडव दिसतात. सुमात्राच्या पातळ रॅपरशी टक्कर द्यायला विसाव्या शतकाच्या तोंडावर इथे मांडवाखाली लागवड सुरू झाली. याच खोऱ्यात, सिम्सबरीला, १९४४ च्या उन्हाळ्यात मार्टिन ल्युथर किंग कॉलेजच्या फीसाठी तंबाखूच्या शेतात राबले होते. आता मांडव कमी होत चाललेत, कारण इक्वेडोरमध्ये ढगच ती सावली फुकट धरतात. माझा तुटपुंजा अनुभव सांगतो की इथलं पान जरा कोरडं, गवताळ गोडीचं, आणि इक्वेडोरचं अधिक तेलकट, वळायला सोपं. वळायला मी इक्वेडोरच घेईन. ओढायला इथलं.

हे लिहिता लिहिता दोन गोष्टी डोक्यात आल्या, आणि त्यामुळे पुढची आखणी बदलतोय.

पहिली जळण्याबद्दलच. पानात पोटॅशियम भरपूर असेल तर निखारा टिकतो, क्लोरीन जास्त झालं तर पान विझतं. म्हणूनच सिगारच्या तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइडचं खत) टाळून पोटॅशचं सल्फेट देतात. म्हणजे जळणं हासुद्धा प्रांताचा, तिथल्या मातीचा आणि पाण्याचा गुण असू शकतो, आणि मी तो अडचण समजून बाजूला काढत होतो. आता त्यालाही गुण देणार: प्रत्येक पानाची निखारा-पट्टी, घड्याळ लावून. निकाराग्वाच्या सरोवरातल्या ओमेतेपे बेटाचं पान मागवलंय, ज्वालामुखीच्या मातीत वाढलेलं. त्याची पट्टी काय करते याची मला फार उत्सुकता आहे.

दुसरी गोष्ट बियाण्याची. पिलोतो आणि ओलोर दोन्ही सिबाओच्या खोऱ्यातली, पण एकाचं मूळ क्युबन आणि दुसरं तिथलं जुनं, आणि चवीत त्यांचं अजिबात पटत नाही. मग प्रांत तपासायचा तर बियाणंही एकच हवं. म्हणून ठरवलेली सहा देशांची मोठी बैठक मागे टाकतोय. आधी फक्त क्रिओयो ९८ हे एकच बियाणं, फक्त सेको: एस्तेली, हालापा, आणि सीमेपलीकडचं, होंडुरासमधलं हामास्त्रान. हालापा नि हामास्त्रान यांच्यामध्ये डोंगर आणि एक सरहद्द, बस्स. तिथे जीभ फरक ओळखते का, हे मला सगळ्यात आधी बघायचंय. कॅमेरून आणि मेक्सिकोचं सान आंद्रेस ही रॅपरची पानं आहेत, त्यांची पाळी नंतर.

निपाणीच्या ज्यांनी तिकडचं पान वापरू का म्हणून विचारलं होतं, त्यांना: विडीचा तंबाखू उन्हात वाळवून चुरा केलेला असतो, लांब फिलरला अख्खं पान लागतं, त्यामुळे आपल्या साच्यात तो बसणार नाही. पण कूचबिहारकडचं जाती पान रॅपरसाठी वापरतात, ते अखंड मिळालं तर बघायला मला नक्की आवडेल. दिंडिगलच्या चिरूटांवर कोणी नोंदी ठेवल्या असतील तर त्याही पाठवा.

आणि हामास्त्रानचं क्रिओयो ९८ सेको, थर लिहिलेलं, कुणाकडे पावशेर जरी असेल तर सांगा. बदल्यात ब्रॉडलीफ देतो, शीर काढून, सपाट दाबून.