दुधीचं बी संध्याकाळी ठरतं

चांगलं फळ निवडायचं, बी काढायचं, वाळवायचं आणि पुडीत बांधून ठेवायचं, की झालं गावरान वाण जतन, असा सर्वसाधारण समज आहे. वाल-पावट्याच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, वेलभाज्यांच्या बाबतीत अजिबात नाही. दुधी, दोडका, भोपळा, काकडी यांचं बी शुद्ध निघणार की नाही, हे फूल उमलतं त्या चार-सहा तासांतच ठरून जातं.

या वेलांवर नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी. पराग माशा, भुंगे, पतंग आणतात, आणि ते शेजारच्या परसात कोणतं संकरित बी लावलंय ते पाहत नाहीत. प्रमाणित, म्हणजे शेतकऱ्यांना विकायच्या बियाण्यासाठी वेलभाज्यांच्या दोन वाणांत किमान ५०० मीटर अंतर ठेवतात, पायाभूत, म्हणजे ज्यापासून ते प्रमाणित बियाणं तयार होतं त्या बियाण्यासाठी १,००० मीटर. एवढं अंतर कुठल्या वाडीत मिळणार? फसगत होते ती पुढेच. परक्या परागानं फळ धरलं तरी यंदाचं फळ हुबेहूब आईच्या वळणाचं येतं, कारण गर आणि साल वेलाची असते. भेसळ असते ती आतल्या बीमध्ये आणि ती दिसते पुढच्या वर्षी. मग ‘बी बिघडलं’ म्हणून डबा टाकून दिला जातो आणि चूक नेमकी कुठे झाली ते कळतच नाही.

कडू-जंगली जातीशी संकर झाला तर प्रश्न नुसत्या चवीचा राहत नाही. कडू दुधी विषारी असतो, त्याच्या रसानं माणसं दगावली आहेत. कडूपणा त्या वेलाचा गुण असतो. म्हणून बियासाठी धरलेल्या प्रत्येक वेलाचं एक कोवळं फळ कापून चकती जिभेला लावून पाहा आणि थुंकून टाका. जरा जरी कडू लागली तरी तो अख्खा वेल उपटा. त्याचं बी नको आणि भाजीही नको.

आता हातानं परागीकरण. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही. घोसाळं, लाल भोपळा, कारलं आणि काकडी सकाळची. लाल भोपळ्याचं काम आठच्या आत उरकावं, उन्हं चढली की फूल मिटतं. मादीफूल ओळखायला पाकळ्यांच्या मागं इवलंसं फळ असतं. नरफुलाचा देठ नुसता सडसडीत.

दुधी लावलाय असं धरू. दुपारी चारच्या सुमारास आज उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या: फुगलेल्या, टोकाशी पांढरं दिसू लागलेल्या. मादीकळीवर मलमलीची छोटी पिशवी चढवून देठाशी सैल बांधायची. त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरच्या दोन-तीन नरकळ्याही तशाच झाकायच्या. झाकायची राहिली तर नरफुलावरही किडा परका पराग आणून टाकतो, हे बरेच जण विसरतात. सहा-सातला फुलं उमलली की नरफूल खुडून पाकळ्या काढायच्या आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या तिन्ही पाळ्यांवर हलकेच फिरवायचा. एका मादीफुलाला दोन-तीन नरफुलं वापरली की बी भरगच्च धरतं. पिशवी पुन्हा चढवायची, देठाला रंगीत दोरा बांधायचा आणि फूल पूर्ण सुकल्यावरच पिशवी काढायची. पावसाची सर येणार असेल तर वर प्लास्टिकचा कागद ताणायचा, कारण भिजलेला पराग फुटून वाया जातो.

एवढं करूनही फळ गळतं तेव्हा कारण बहुतेकदा एकच असतं: वेलावर आधीच दोन-तीन फळं पोसत असतात आणि वेल नव्याला सोडून देतो. हातानं धरवायचं असेल त्या आठवड्यात बाकीची कोवळी फळं भाजीला काढून घ्या. बियासाठी वेलाला एक फळ पुष्कळ, फार तर दोन.

आता घरोघरी होणारी मोठी चूक. पहिली देखणी फळं खायची आणि शेवटी वेल वाळत आल्यावर उरलेलं एखादं वेडंवाकडं फळ बियाला सोडायचं. असं पाच-सहा वर्षं केलं की आपण नकळत उशिरा फळणारं, नि:सत्त्व वाण निवडत जातो. निवड फळाची नसते, वेलाची असते. ज्या वेलाला रोग कमी, जो वेळेवर फुलला, ज्याची भाजी चवीला उतरली, त्याचं दुसरं-तिसरं फळ राखा. दुधी सालीत नख शिरेनासं होईपर्यंत आणि हलवल्यावर आत बी खुळखुळेपर्यंत वेलावरच हवा. लाल भोपळा काढल्यावरही तीन-चार आठवडे घरात ठेवून मगच फोडावा, बी आतल्या आत भरत राहतं.

एक बारकावा. दुधी, लाल भोपळा आणि कोहळा एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांचे वेल खुशाल शेजारी लावा. चिबूड आणि खरबूज मात्र एकाच जातीचे, ते बिनदिक्कत मिसळतात.

वाल-पावट्याला ही यातायात नाही. बहुतेक फुलं स्वतःच्याच परागानं धरतात. दोन वाण पाच-दहा मीटर दूर ठेवले की घरापुरतं भागतं. मात्र जुने वेलवर्गीय वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये लावलेला वेल ऑक्टोबरपर्यंत नुसता पाल्यानं माजतो तो यामुळं, त्याला खत घालू नका. रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा थेट उजेड वेलावर पडत असेल तर फुलोरा आणखी लांबतो, जागा बदला. वांगं आणि मिरची ही वेलभाज्या आणि वाल यांच्या मधली: स्वतःच्या परागानं फळ धरतं, पण माशा भेसळ करतातच. कळ्यांच्या फांदीवर मलमलीची पिशवी बांधा आणि सकाळी हलकेच हलवा. बियाचं वांगं पिवळं-तांबूस होईपर्यंत झाडावर ठेवायचं, पाण्यात चुरून तळाशी बसलेलं बी घ्यायचं.

यापुढचा शत्रू दमट हवा, कोकणात तर विशेष. बी भोवतालच्या हवेतला ओलावा सतत शोषतं. बियातला ओलावा एका टक्क्यानं कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट, असा बीजशास्त्रातला ढोबळ नियम आहे. कागदी पुडी पावसाळ्यात काहीच अडवत नाही. सुती कापडावर सकाळचं ऊन दाखवा, अकरानंतर सावलीत घ्या. पत्र्यावर किंवा तापलेल्या फरशीवर वाळवाल तर गर्भ भाजेल. दुधीचं बी वाकवल्यावर ‘कट्‌’ आवाज करत मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून ओलं आहे.

हवाच दमट असेल तर तांदूळ कामाला येतो. बियाच्या दुप्पट वजनाचा तांदूळ मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजा, गरम असतानाच काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावा. पूर्ण गार झाल्यावर बियाची कापडी पुरचुंडी आत ठेवा आणि दोन आठवडे बरणी उघडू नका. नंतर बी दुसऱ्या कोरड्या बरणीत काठोकाठ भरा, रिकामी जागा म्हणजे दमट हवा.

वाल, चवळी, तूर यांत भुंगा शेतातूनच येतो. शेंगेवर घातलेल्या अंड्यांतली अळी दाण्यात शिरलेली असते, म्हणून वरून स्वच्छ दिसणारं बी दोन महिन्यांत पीठ होतं. चुलीची चाळलेली राख मिसळण्याची जुनी पद्धत चांगलीच आहे. शहरात फ्रीझर वापरा: नीट वाळलेलं बी घट्ट बरणीत उणे १८ अंशांवर आठवडाभर. ओलं बी मात्र तिथं मरतं.

कांद्याचं बी वर्षभरात पेरून टाकावं. मिरची, भेंडी दोन-तीन वर्षं, वांगं, दुधी, भोपळा चारेक वर्षं तग धरतात. पेरणीआधी २० बिया ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. १६ उगवल्या तर उत्तम. १२च्या खाली असतील तर याच हंगामात दाट पेरून नवं बी धरा.

एकाच वेलाचं बी पिढ्यानपिढ्या धरलं की वाणातली विविधता आटते. दुधी-दोडक्याचे किमान पाच-सहा वेल हवेत. गच्चीवर एवढी जागा नसेल तर तेच वाण तीन घरांत वाटून लावा आणि बी एकत्र करा. मका गच्चीवर राखायच्या फंदात पडू नका, त्याला शंभरच्या वर ताटं लागतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती गावरान बी राखण्याच्या आणि वाटण्याच्या कामासाठीच. वाटायला कायद्याची आडकाठी नाही: २००१च्या वाणसंरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि पाकिटावर ब्रँडचं नाव न छापता विकण्याचाही हक्क दिला आहे.

बरणीवर वाण, गाव, वर्ष आणि किती वेलांचं बी आहे ते लिहा. फ्रीजमधली बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. रात्रभर तशीच राहू द्या, नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि दोन आठवड्यांची वाळवण पाच मिनिटांत फुकट जाते.