तारामासा ओळखताना रंग आधी विसरा

जळगाव-धुळ्याकडच्या प्रयोगशाळांत तारामासा म्हणजे बरणीतला, फॉर्मॅलिनने पांढराफटक पडलेला, तळहाताएवढा. म्हणून कोकणातल्या अभ्यास सहलीत दगडाखाली नखाएवढा तारामासा सापडला की मुले ‘पिल्लू आहे’ म्हणून सोडून देतात. आखूड भुजांचा, उशीसारखा फुगीर असेल, तर तो बहुधा अ‍ॅस्टेरिनिडी कुळातला आहे. यातल्या कित्येक जाती पूर्ण वाढूनही दोन-तीन सेंटीमीटरच्या आत राहतात.

शोधायला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी धरावी. दगडावरून प्राणी ओढू नये, नलिकापाद (खालच्या बाजूचे नळीसारखे बारीक पाय) तुटतात. ओल्या बोटाने हळूहळू सरकवत सोडवावा आणि समुद्राच्याच पाण्याच्या ताटलीत उलटा ठेवावा. बाटलीतले पिण्याचे पाणी ओतले तर तो मरतो. अंगातल्या क्षारांचा तोल त्याला सांभाळता येत नाही.

आधी खालची बाजू. या कुळात नलिकापाद दोन ओळींत, टोकाला चपटी चूषके, म्हणजे चिकटायच्या चकत्या. टोके अणकुचीदार असतील तर तो वाळूत राहणारा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन. त्याच्या कडेला ठळक पट्टिकांची चौकटही दिसते. मग वरची बाजू 10 पट भिंगातून: एकमेकींवर चढलेल्या, बारीक काट्यांच्या पट्टिका. पुस्तके त्यांना कौलांची उपमा देतात. आपल्याकडे घरे धाब्याची, तेव्हा माशाचे खवले म्हणा.

नंतर मोजमाप. केंद्रापासून भुजेच्या टोकापर्यंतचे अंतर, भागिले केंद्रापासून दोन भुजांमधल्या खाचेपर्यंतचे. 9 आणि 6 मिलिमीटर आले तर 1.5. या कुळात हा आकडा सहसा दोनच्या आत असतो, लिंकियासारख्या तारामाशांच्या लांब नळीदार भुजांत कितीतरी जास्त. फोटोत मोजपट्टी ठेवावी. नाणे नको, रुपयाची जुनी-नवी नाणी एका मापाची नाहीत.

भुजा मोजूनही फसगत होते. काही जाती मधून दुभंगून वाढतात. तीन भुजा मोठ्या, तीन बारक्या, आणि मॅड्रेपोराइट (पाठीवरची चाळणीसारखी बारीक चकती) एकाहून अधिक. ही विकृती नव्हे, ओळखीची खूण आहे. हिरवा, राखाडी, तांबूस असे ठिपके मात्र एकाच जातीत वाटेल तसे बदलतात.

जुन्या याद्यांत यातले बरेच ‘अ‍ॅस्टेरिना’ म्हणून सापडतील. त्यातून अ‍ॅक्विलोनास्ट्रा हा वंश 2004 साली वेगळा काढला गेला. फोटोवरून जातीपर्यंत जाण्याचा हट्ट नको. चिठ्ठीवर ‘अ‍ॅक्विलोनास्ट्रा, जात अनिश्चित’ लिहावे, शेजारी ठिकाण, तारीख आणि दोन्ही मापे. प्राणी त्याच दगडाखाली, दगड होता तसाच पालथा.