रात्रीचा एक डायपर

सोमवार, रात्री पावणेतीन

ही वही हिशेबाची. पुढच्या बाजूने बायकोच्या अक्षरात महिन्याचा खर्च चालू आहे, मी मागून उलटी धरून लिहितोय. नवी वही आणायची म्हणजे चाळीस-पन्नास गेले. दोन्ही बाजू मध्ये कुठे भेटतील तेव्हा बघू.

ठकी झोळीत आहे. (कागदावरचं नाव वेगळं, आत्याने बारशाला कानात कुर्र करून ठेवलेलं. घरात ती ठकीच.) झोळी म्हणजे सासूबाईंचं विरलेलं नऊवारी, छताच्या कडीला बांधलेलं, आणि त्याची दोरी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. पाय थांबला की तीन-चार सेकंदांत आतून 'अं' येतो. झोपेतही अंगठा आपोआप हलतो असं आई सांगायची. हलत नाही.

बदलापुरात श्रावण लागलाय हे पावसाला कोणी कळवलेलं दिसत नाही. आठ दिवस नुसता कोसळतोय. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत, कपाटापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अशा चार दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर लंगोट. वन रूम किचनमध्ये आता वाकूनच चालावं लागतं. पंखा पाचवर. तरी काल सकाळी टाकलेला लंगोट आज हाताला गार लागतो. ओला म्हणवत नाही, सुका म्हणवत नाही.

मंगळवार

सकाळच्या गाडीत चौथी सीट मिळाली. म्हणजे अर्धं बूड टेकायला जागा, उरलेलं पायांच्या भरवशावर. तसाच अंबरनाथच्या आधी झोपलो आणि घाटकोपरला शेजारच्याने खांद्यावरून माझं डोकं सरळ केलं. रागावला नाही. "लहान आहे का घरात?" एवढंच म्हणाला. शर्टाच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता, त्यावरून ओळखलं असणार.

ऑफिसात दिवसभर लोकांचे हिशेब. ठकी झाली तेव्हा मी पेढे नेले होते, तर दोघांनी हात पुढे करून "मुलगा का?" विचारलं. मुलगी म्हटल्यावर एकजण म्हणाला, मग बर्फी आणायची होती. मी म्हटलं, पेढ्यांना सांगितलेलं नाही अजून, घ्या. केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना १५ दिवसांची रजा मिळते. खासगीत तसा कायदाच नाही, त्यामुळे मला बाळंतपणाचे दोन दिवस आणि पुढचा रविवार मिळाला. बायकोचं आणखी वेगळं. कायद्यात तिला २६ आठवडे पगारी रजा आहे, पण ती शिकवायची तिथे करारावर होती, आणि करार बरोबर मार्चअखेर संपला. "जूनमध्ये बघू" म्हणाले. जून होऊन गेला. त्या विषयावर आम्ही आता बोलत नाही.

म्हणजे एक पगार. २८,०००. त्यातले ८,००० भाडं. बाकीचं पुढच्या पानांवर आहे, इथे परत कशाला.

रात्री साडेनऊला घरी आलो तर बायको जमिनीवर चादर टाकून इस्त्री करत बसलेली. कपडे नव्हेत, लंगोट. सहा लंगोट, सहा दुपटी, सहा खाली घालायची चौकोनी फडकी. रात्रीचा कोटा. दमट कापडावर इस्त्री ठेवली की चर्र करून वाफ येते आणि त्या वाफेत दूध, ओवा, वेखंडाची धुरी आणि कुबट ओल असा एक वास असतो. तो वास माझ्या ऑफिसच्या बॅगेतसुद्धा शिरलाय. ती एकेक फडकं गालाला लावून बघत होती. सुकं आहे की नाही हे हाताला कळत नाही, गालाला कळतं.

मी म्हटलं, "रात्री एक डायपर लाव ना सरळ."

"अकरा रुपयाला एक पडतो," ती म्हणाली. वर न बघता.

हे अकरा रुपये माझेच. बेचाळीसचं पाकीट ४६०ला आणलं तेव्हा मीच दुकानाबाहेर उभं राहून भागाकार केला होता, आणि मीच म्हटलं होतं की हे दवाखान्यात किंवा गावी जाताना वापरायचं, रोज नाही.

बुधवार

दोन तास चाळीस मिनिटं. सलग नाही.

गुरुवार

आज अर्धा दिवस रजा टाकून ठकीच्या साडेतीन महिन्यांच्या लसी. सरकारी आरोग्य केंद्रात, फुकट. शेजारच्या काकू म्हणत होत्या की खासगीत न दुखणारी मिळते. मिळते, पण तिचा आकडा ऐकून मला दुखलं.

रांगेत चौदा बाळं होती. एक रडलं की साथ पसरते. ठकी मात्र समोरच्या बाईच्या छत्रीच्या मुठीकडे बघत गप्प. आधी तोंडात पोलिओचे थेंब, मग जुलाबावरच्या रोटा लसीचा डोस. तो गोड असावा, कारण तिने जीभ बाहेर काढून आणखी मागितला. मग उजव्या दंडाला पोलिओची बारीकशी सुई आणि मांड्यांना दोन. त्यांतली एक पेंटा: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर आणणारा जंतू), पाचांची मिळून एक. दुसरी न्यूमोनियाची. दंडाला टोचलं तेव्हा तिने नुसतं आश्चर्याने बघितलं. मांडीला टोचल्यावर आधी आवाजच नाही, तोंड उघडं, चेहरा लाल, लाल, जांभळट, आणि मग. मी तिचे गुडघे धरले होते. सिस्टर म्हणाल्या, "बाबा, तुम्ही डोळे उघडा."

अर्धा तास तिथेच बसायला सांगतात, काही त्रास होतोय का बघायला. सिस्टरनी कार्डावर खूण केली, पुढची नऊ महिन्यांना, गोवर-रुबेलाची. ताप येईल, येऊ दे, तापाचे थेंब दिलेत ते वजनाप्रमाणे द्यायचे. टोचल्या जागी चोळायचं नाही, काही लावायचं नाही. हे सगळं त्यांनी त्या दिवसात चौदाव्यांदा सांगितलं असेल, तरी माझ्याकडे बघून सांगितलं. मला ते फार बरं वाटलं. झोप कमी असली की माणूस अशा गोष्टींनी भरून येतो.

अंगणवाडीच्या ताईही तिथेच भेटल्या. सरकारच्या मातृवंदना योजनेचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला होता. पहिल्या बाळाला ५,००० मिळतात, दोन हप्त्यांत. ३,००० गरोदरपणात आले होते, ते सोनोग्राफीत गेले. उरलेले २,००० जन्माची नोंद आणि ह्या साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या की. "आज झाल्या ना, आता कार्डाची झेरॉक्स द्या," ताई म्हणाल्या, "आणि खात्याला आधार जोडलंय ना बघा, तिथेच अडतं सगळ्यांचं."

रिक्षात बायको कडेला डोकं टेकून झोपली. ठकी माझ्या मांडीवर. मी मनात भागाकार केला: २,००० भागिले ११. एकशे ऐंशी आणि वर थोडे. सहा महिन्यांच्या रात्री. बोललो नाही.

शुक्रवार, पहाटे साडेचार

ताप आला. शंभर पॉइंट आठ. येईल म्हणून सांगितलं होतं, तरी थर्मामीटरचा आकडा दिसला की सांगितलेलं सगळं विसरायला होतं. थेंब दिले, सुती झबलं तेवढं ठेवलं, आणि खांद्यावर घेऊन खिडकी ते ओटा, ओटा ते खिडकी. वाटेत डोक्याला लंगोट लागत होते. मध्येच तिने माझ्या कानाची पाळी पकडली आणि तशीच धरून झोपली. मग मी ओट्याला टेकून उभा राहिलो. पाऊण तास. हलायची सोय नव्हती.

उभ्या उभ्या समोर फ्रिजवर विजेचं बिल होतं. ११८ युनिट. मागच्या वर्षी ह्याच महिन्यात ७९. शंभर युनिटांपर्यंत दर वेगळा, त्यापुढच्या युनिटांना जवळपास दुप्पट. सगळे आकार आणि कर धरले तर आमचं वरचं युनिट बारा-तेरा रुपयांना पडतं. इस्त्री हजार वॉटची. अठरा नग, एकेकाला तीन मिनिटं, म्हणजे जवळजवळ तास. तापली की दिवा विझतो, पुन्हा पेटतो, म्हणून पूर्ण युनिट नको, पाऊण धरू. साडेनऊ रुपये.

अकरा रुपयांचा डायपर वाचवायला आम्ही रोज साडेनऊ रुपयांची वीज जाळतोय. बचत दीड रुपया. साबण आणि पाणी धरलंच नाही. आणि रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा जमिनीवर बसलेली बायको, तीही धरली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातल्या चुका काढणारा माणूस मी.

मग ठकीला झोळीत ठेवल्यावर वही पुढच्या बाजूने उघडली. जुलैपासूनची पानं बघितली. दूध, गॅस, तूरडाळ, रिक्षा. सगळं नेहमीचं. मध्ये तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या तारखांना, एक नोंद:

झोप – ११

पाकिटात मोजले. बेचाळीसमधले गावाकडून येताना चार गेले होते, ते मला माहीत होते. उरायला हवेत अडतीस, आहेत पस्तीस. तीन रात्री तिने लावला होता आणि मला सांगितलं नव्हतं. लपवलंही नव्हतं. वहीत तर लिहिलंय. मी पुढची बाजू वाचतच नाही, नुसती बेरीज करतो.

त्याच पानावर माझ्या नावाने रोजचे 'चहा + वडापाव' आहेत. ३५. ते 'किरकोळ'मध्ये.

शनिवार

ताप उतरला. मी बिलाचा हिशेब तिला सांगितला. इस्त्री, पाऊण युनिट, दीड रुपया. मला वाटलं ती चिडेल. ती हसत सुटली, आवाज न करता, पोट धरून, कारण ठकी झोपली होती. मग म्हणाली, "मला वाटलं तू म्हणशील, तुला तेवढीही झोप सोसवत नाही."

मी असं म्हणालो असतो का? आधीच्या रविवारी कदाचित म्हणालोही असतो. त्यामुळे गप्प बसलो.

ठरलं ते असं: रात्री एक डायपर, दिवसा लंगोट. दहा ते दोन ठकी माझी, प्यायला उठली तर तिच्याकडे द्यायची, ढेकर काढायचं काम माझं. वडापाव आठवड्यातून दोनदा. हे शेवटचं मी स्वतः सुचवलं आणि लगेच पस्तावलो.

रविवार

सकाळी आईचा फोन. डायपरचं तिला कळलं होतं (बहीण). मी तयारीतच होतो. आई कराडजवळच्या आमच्या गावातून थेट मुद्द्यावर येते.

"आमच्या वक्ताला कुटं हुतं असलं? पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालायची आन् त्यावर लंगोट वाळवायचं. धुरी बी मिळायची त्यास्नी. पाच पोरं काढली तशीच."

मी काही बोलायच्या आत तीच थांबली. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पर घरात आमी चौघी हुतो. येक धुवायची, येक वाळवायची, म्हातारी मांडीवर घिऊन बसायची. तुज्या बायकूला कोन हाय तितं?"

मी म्हटलं, मी आहे.

"तू हायस व्हय," आई म्हणाली, आणि ते कसं घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही. मग गुटी देता का विचारलं. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही सांगितलंय म्हटल्यावर "बरं" म्हणाली. आईचं 'बरं' म्हणजे काय ते मला माहीत आहे. गणपतीला गावी गेलो की सहाण आणि मुरुडशेंग बाहेर निघेल. तेव्हाचं तेव्हा.

साडेअकराला ऊन पडलं. खरं ऊन. पाच मिनिटांत आख्ख्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या. गोधड्या, गाद्या, शाळेचे बूट, कोणाच्या तरी वालाच्या बिया. मी सव्वीसच्या सव्वीस लंगोट बाहेर घातले. चिमटे संपल्यावर समोरच्या काकूंनी न विचारता त्यांची डबी पुढे केली. दोन वाजेपर्यंत सगळे कडक. लंगोटाला कडक झालेलं बघून आनंद होतो, हे मला वर्षापूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी जागा बदलून बसलो असतो. घड्या मी घातल्या. बायकोने त्यातल्या नऊ उकलून परत घातल्या. त्रिकोणाचं टोक खाली यायला हवं, म्हणे.

जेवणानंतर दोघी झोपल्या. ठकी झोळीत आणि ही खाली वाकळीवर, एक हात झोळीच्या काठाला तसाच राहिलेला. दोरी माझ्या अंगठ्यावर, पण हलवायला लागली नाही. चार वाजले तरी दोघींची हालचाल नाही. इतका वेळ घरात कोणीच जागं नाही म्हटल्यावर मला काय करावं कळेना. मी पुढच्या पानावर आजची तारीख टाकून डायपरपुढे काय लिहायचं त्याचा विचार करत बसलो. मग तिचाच शब्द लिहिला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून आवाज आला. "भंगाऽऽर वालाऽऽ, रद्दी पेपरऽऽ." दर रविवारी येतो, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर भांडी वाजतात. मी अंगठ्यातली दोरी सोडवून, रिकाम्या दोऱ्यांखालून वाकत गॅलरीत गेलो. तो बरोबर आमच्या खाली येऊन तोंड उघडणार, एवढ्यात मी दोन्ही हात हलवले, मग एक बोट ओठांवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी झोका देऊन दाखवला.

त्याने वर बघितलं. मान हलवली. हातगाडी उचलल्यासारखी हलकी करून, चाकं न वाजवता, आमच्या बिल्डिंगसमोरून, चिंचेखालून, पुढच्या फाटकापर्यंत नेली. तिथे थांबून एकदा मागे वळून बघितलं, आणि मग ओरडला.