ब्रेक एक, चाकं दोन: एसटी 1300 वरून घाटवाटा

होंडा एसटी 1300 या मोटरसायकलची किल्ली देताना मित्र एवढंच म्हणाला, "हाताचं सोड, पायाला तेवढं समजावून सांग."

गाडी 300 किलोंच्या वर, त्यात दोन्ही बाजूंच्या पेट्या भरलेल्या आणि मागे धाकटा भाऊ. हिचे ब्रेक जोडलेले. हाताचा लिव्हर दाबा नाहीतर पायाचं पेडल, ब्रेक दोन्ही चाकांना लागतो. मला सवय पुढचा वेगळा, मागचा वेगळा वापरायची. म्हणून निघण्याआधी मोकळ्या मैदानात बराच वेळ नुसतं पेडल दाबून अंदाज घेतला.

हायवेवर काही शिकावंच लागलं नाही. एरवी ब्रेक जोरात दाबला की पुढच्या चाकाचा फोर्क खाली बसतो आणि मागच्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर टक्कन आपटतं. इथे गाडी जवळजवळ सपाटच थांबते. पहिल्या थांब्यावर भावाने विचारलं, "ताई, आज एवढी हळू का चालवतेयस?" वेग नेहमीचाच होता, टकटक तेवढी बंद झाली होती.

तिथेच वाकून पुढचा डावा कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कला पॅडने आवळणारा भाग, बघितला. तो फोर्कला पक्का जखडलेला नाही, किंचित फिरतो. ब्रेक लागला की फिरती डिस्क त्याला ओढते, त्या ओढीने शेजारचा छोटा मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) दाबला जातो आणि तिथला दाब मागच्या कॅलिपरला पोचतो. वाटेतला एक व्हॉल्व्ह तो दाब आवरून धरतो, कारण जोरात थांबताना मागचं चाक हलकं झालेलं असतं. कल्पना तशी जुनी. मोटो गुझीने 1975 मध्येच 850 टी3 वर पेडलला मागच्या चाकासोबत पुढची एक डिस्क जोडली होती.

खरी परीक्षा घाटात. अगदी आवळ वळणावर आपण हाफ क्लच धरतो आणि पायाने मागचा ब्रेक हलका लावून गाडी तोलतो. इथे तोच पाय पुढचं चाकही धरतो. हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचं चाक अडलं, की एवढं वजन आतल्या बाजूला कलंडायला वेळ लागत नाही. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा, वळणात काम क्लच-थ्रॉटलवर भागवायचं आणि पाय पेडलवर असलाच तर नुसता टेकलेला. उतारावरच्या खडीत गाडी सरळ उभी ठेवून, खालचा गिअर टाकून इंजिनवरच रोखली. लांब उतारावर पेडलवर पाय ठेवून बसायची सवय तशीही वाईट. इथे तर पुढचे पॅडही तापतात.

खरं सांगू का, मला बीएमडब्ल्यूची अर्धी जोडणी जास्त पटते. तिथे लिव्हर दोन्ही चाकांना आणि पेडल फक्त मागच्याला, म्हणजे आवळ वळणात पाय मोकळा. यामाहा एफजेआर 1300 चं गणित उलटं: पेडलमध्ये थोडा पुढचा ब्रेक मिसळलेला, लिव्हर मात्र पुढच्यापुरताच. सरळ रस्त्यावर यातली कुठलीही चालेल. घाटात यू-टर्न घ्यायचा असेल तर कुठला ब्रेक कुठे जोडलाय ते आधी विचारा.

उतार संपल्यावर गाडी सेंटर स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं. त्या छोट्या सिलिंडरमध्ये घाण साचून तो अडकला तर मागचा ब्रेक सुटत नाही, चालता चालता तापत राहतो. चाक मोकळं होतं. ब्रेक ऑइल बदलताना मात्र ब्लीडिंगचा (नळ्यांतली हवा काढण्याचा) क्रम मॅन्युअलमधलाच लागतो, दोन निपल ढिले करून भागत नाही.