मताउरावरची नोंद: लाइनचं टोक का बुडत होतं ते सापडलं

मंडळी, सापडलं! फ्लाय फिशिंगच्या (नकली कीटक लावून मासे धरण्याच्या) माझ्या पाच वेटच्या, म्हणजे पाच नंबर वजनाच्या, तरंगणाऱ्या फ्लोटिंग लाइनचं पुढचं टोक बुडतंय, ही तक्रार मागच्या दोन्ही नोंदींत होती. दोष लीडरचा (लाइनच्या पुढे बांधलेल्या बारीक दोऱ्याचा) नव्हता आणि साबणाचाही नव्हता. लाइनच्या आत पाणी शिरत होतं.

नव्यांसाठी एवढंच सांगतो, की न्यूझीलंडच्या साउथलँडमध्ये उन्हाळ्यात मताउरा नदीच्या काठी विलोच्या पानांतून बारीक पिवळ्या अळ्या पाण्यात पडतात. ब्राउन ट्राउट पाण्याच्या जेमतेम खाली उभी राहून त्या एकेक टिपते, जागा सोडत नाही. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली कीटक, सोळा नंबरची, म्हणून नंबर भागिले तीन या हिशेबाने टिपेट (लीडरचं शेवटचं, सगळ्यात बारीक टोक) ५एक्स, म्हणजे ०.१५ मिमी. इथे ड्रॅगला, म्हणजे लाइनने फ्लाय ओढली जाण्याला, माफी नाही. टोक चार बोटं जरी बुडलं तरी मेंड (पाण्यावर पडलेली लाइन उचलून प्रवाहाच्या वर सरकवणं) फक्त तरंगणाऱ्या भागाला लागतो. बुडालेला भाग जागीच राहतो आणि फ्लाय आडवी ओढली जाते. शिवाय लाइन उचलताना टोक पाणी फाडत वर येतं. त्या आवाजाने मासा गेलाच.

पहिला संशय साबणावर होता. डिडिमो ही शेवाळाची पीडा इथे २००४ मध्ये सापडली. तेव्हापासून एका नदीतून दुसरीत जाताना सगळं सामान धुवायचं असतं. नेहमीचं द्रावण ५ टक्के, म्हणजे भांड्यांचा लिक्विड साबण ५०० मिली आणि पाणी घालून एकूण दहा लिटर. (फेल्टच्या तळाचे बूट आणायचा विचार असेल तर सोडा, २००८ पासून बंदी आहे.) साबण लाइनवर राहिला की पाण्याचा ताण मोडतो आणि बारीक टोक आधी बुडतं. म्हणून कोमट पाण्यात मऊ कापडाने लाइन पुसली आणि साध्या पाण्यात तीनदा खळबळली. पाणी काळपट निघालं. अर्धा दिवस फरक पडला, मग परत तेच.

दुसरा संशय टिपेटच्या फ्लोरोकार्बनवर, म्हणजे जड प्लास्टिकच्या दोऱ्यावर. त्याची घनता १.७८ च्या आसपास आणि नायलॉनची १.१४, त्यामुळे ते टोकाला खाली ओढणारच. टिपेट नायलॉनचं केलं, लीडरला लाल डबीतलं म्युसिलिन हे तरंगवणारं मलम चोळलं, शेवटचा हातभर भाग कोरडा ठेवला. सुधारणा नावापुरती. तरीही ड्राय, म्हणजे तरंगणाऱ्या, फ्लायला नायलॉनच घ्या, हे माझं मत कायम आहे.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. लीडर पूर्ण काढला आणि लाइनचा शेवटचा मीटरभर भाग बादलीत सोडला. वीस मिनिटांत वेल्डेड लूप (लीडर अडकवायला लाइनच्या टोकाला असलेला फास) आणि त्यामागचे दहाबारा सेंटिमीटर खाली गेले, बाकी लाइन वर. म्हणजे रोग टोकातच. भिंगाखाली लूपच्या मुळाशी केसाएवढी गोल चीर दिसली. टिश्यूत धरून दाबल्यावर चिरेतून पाण्याचा थेंब आला आणि टिश्यूवर टिकलीएवढा ओला डाग पडला. लाइन तरंगते ती कोटिंगमधल्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांमुळे. आतला विणलेला गाभा मात्र वातीसारखा पाणी ओढतो, आणि एकदा आत गेलेलं पाणी वरून पुसून निघत नाही.

चीर पडायची कारणं दोन. लूपला लूप जोडताना दोन्ही एकमेकांत चौकोनी बसायला हवेत, रीफ नॉटसारखे. आमचा लीडरचा लूप उलटून लाइनच्या लूपच्या मानेवर आवळला गेला होता, आणि प्रत्येक कास्टला, म्हणजे फेकीला, लाइन तिथेच मोडत होती. दुसरं कारण डीट, कीटक पळवणाऱ्या औषधातलं रसायन. सँडफ्लाय या चावऱ्या माश्यांसाठी हे औषध तळहाताने लावायचं आणि त्याच बोटांनी लीडर बांधायचा, हा क्रम घातक आहे. डीट कोटिंगचं पीव्हीसी मऊ करतं. टोकाच्या ३० सेंटिमीटरवर नख दाबलं तर खूण राहत होती. आता डीटऐवजी पिकारिडिनचं औषध घेतलंय, ते प्लास्टिकला धक्का लावत नाही.

दुरुस्तीही एका दमात झाली नाही. आधी १२ सेंटिमीटर कापून ०.५० मिमी नायलॉनचा २० सेंटिमीटर बट (लीडर जोडायचा जाड तुकडा) नेल नॉटने, म्हणजे नळीवर वेढे घेऊन आवळायच्या गाठीने, बांधला. ओढून पाहिलं तर गाठ घट्ट, पण तिच्यासकट कोटिंगच सालीसारखं गाभ्यावरून सरकून आलं. मऊ झालेल्या भागावर गाठ बांधली होती. मग नख लावून जिथे खूण उमटत नाही तिथपर्यंत, एकूण ४० सेंटिमीटर कापलं. गाभा आत कोरडा असल्याची खात्री केली. नळीवर सहा वेढे घेतले, गाठ ओली करून दोन्ही टोकं हळूहळू आवळली, शेवटचा हिसका पक्कडने. वर लवचीक यूव्ही रेझिनचा पातळ थर दिला. कडक रेझिन इथे नको, ते वाकताना तडकतं आणि परत चीर. बटच्या टोकाला लीडर अडकवायला परफेक्शन लूप हा फास.

रात्रभर बादलीत ठेवलं आणि सकाळी टोक पाण्यावर! आज विलोखाली तीन-चार मीटर स्वच्छ ड्रिफ्ट (फ्लायचं न ओढलं जाता वाहणं) मिळाला. काल दीड मीटरही मिळत नव्हता. एका ट्राउटने फ्लाय अशी घेतली की पाण्यावर फक्त एक वर्तुळ उमटलं. टेपर, म्हणजे लाइनचा टोकाकडे निमुळता होणारा भाग, थोडा कापला गेल्यामुळे लाइन जरा जोरात उतरते, म्हणून लीडर १२ चा १४ फूट केलाय.

जोडीदाराच्या लाइनचंही टोक चिकट व्हायला लागलंय. तेही असंच कापायचं ठरलं होतं, पण लिहिताना लक्षात आलं की त्याची लाइन डबल टेपर, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच निमुळती, आहे. उलटी करून भरली की रीलच्या आतलं न वापरलेलं टोक पुढे येईल आणि टेपर शाबूत राहील. फक्त जुनं टोक बॅकिंगला (रीलवर लाइनच्या मागे असलेल्या दोऱ्याला) बांधण्याआधी त्याचा मऊ भाग कापायलाच हवा. नाहीतर मोठा मासा लांब पळाला की तिथेही कोटिंग सोललं जाईल.

पुढचा मुक्काम प्रशांत महासागरातलं किरिटिमाटी बेट, बोनफिश माशासाठी. ही थंड पाण्याची लाइन तिथल्या उकाड्यात लिबलिबीत होऊन रॉडच्या गाइडला, म्हणजे कड्यांना, चिकटते, म्हणून आठ वेटची ट्रॉपिकल लाइन वेगळी आहे. तिचा लूप कापायचा नाही. पहिल्या कास्टच्या आधीच मुळाशी लवचीक रेझिन लावून बादलीत एक रात्र ठेवणार.