वर्षभराच्या चटणीचं गिऱ्हाईक ऑनलाइन कसं जोडलं

सांगलीत गणपती पेठेजवळ आमचा मिरची कांडपाचा डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, आणि मसाल्याचं दुकान आहे. चटणीचा, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचा, हंगाम पाडव्याच्या आगेमागे सुरू होतो आणि मृगाच्या आत संपतो. एकदा बरणी भरली की ते घर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या दारात यायचं कारण नाही. दूधवाल्याची, भाजीवाल्याची ओळख रोजच्या येण्याजाण्यातून टिकते. आमच्याकडं मधले नऊ-दहा महिने गिऱ्हाइकाशी काही व्यवहारच नसतो, आणि तरी पुढच्या वर्षी त्या बाईंनी मिरच्यांची पिशवी घेऊन आपल्याकडंच यावं अशी आपली आशा. रोज पोस्ट टाका, रोज ऑफर द्या, असं ऑनलाइन मार्केटिंगबद्दल जे सांगितलं जातं ते रोज खपणाऱ्या मालाला ठीक आहे. वर्षातून एकदा विकणाऱ्यानं काय करायचं ते मला करत करत उमगलं. या भागात लोणचं, पापड, शेवया, हळद, बेदाणा असा हंगामी माल करणारी पुष्कळ घरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझे सासरे, म्हणजे मामा, एक जाड वही ठेवायचे. नाव, गाव आणि त्या घरच्या चटणीचं प्रमाण. ‘मिरज किल्ला भाग, शिक्षिकाबाई: ब्याडगी ३, संकेश्वरी २, खोबरं कमी, तीळ भाजून आपले, मीठ खडा.’ अशी पानंच्या पानं. चटणी प्रत्येक घरची वेगळी असते. कुणाला ब्याडगीचा लालभडक रंग हवा, कुणाला संकेश्वरीचा ठसका, कुणाला दगडफूल अजिबात चालत नाही. ती वही उघडून मामा म्हणायचे, “गेल्या वर्षी धणे पाव किलो वाढवलं होतं, यंदा तसंच का?” आणि समोरची बाई खुलायची. आमची जाहिरात म्हणाल तर तीच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पेठ पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मोटर दुरुस्त करून घेता आली, भिजलेली पोती टाकून दिली. वहीचा मात्र लगदा झाला होता. मामा दोन वेळा बोलले त्या वहीबद्दल, मग बोलायचंच थांबले. मला वाटलं, प्रमाण काही आमच्या वहीत जन्मलेलं नाही. ते घराघरात आहे. परत मागून घेऊ.

त्यासाठी दुकानापुरतं वेगळं सिमकार्ड घेतलं आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केलं. हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं, फुकट आहे, आणि घरच्या फोनवरचे लग्नाचे फोटो आणि दुकानाचे निरोप वेगळे ठेवायला पहिल्याच दिवसापासून उपयोगी पडतं. यांच्या आणि मामांच्या फोनमध्ये जेवढे नंबर होते तेवढे गोळा केले. प्रत्येकीला वेगळा निरोप लिहिला: “काकू, पुरात आमची वही गेली. तुमच्या चटणीचं प्रमाण तुम्हाला आठवत असेल तर कळवाल का? यंदा तसंच नोंदवून ठेवते.”

दर नाही, सवलत नाही, ‘आमच्याकडे उत्तम दर्जाचे मसाले मिळतील’ हेही नाही. आणि उत्तरांची रीघ लागली. लिहायचा कंटाळा असलेल्या बायकांनी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवले. कुणी डब्याच्या झाकणात चिकटवलेल्या पिवळ्या पडलेल्या कागदाचा फोटो धाडला. तासगावच्या एका आजींनी नातवाकडून फोन लावून घेतला आणि मला बोलूच न देता सगळं सांगितलं, “खोबरं किसून भाजायचं, तुकडं करून न्हाई, लिव्हलंस का?” मामा शेजारी खुर्ची टाकून ते मेसेज ऐकत बसायचे आणि आवाजावरून बाई ओळखायचे. गिऱ्हाइकाला जे आपल्यापेक्षा जास्त कळतं ते त्याला विचारावं. ही गोष्ट मला कुठल्याही कोर्सपेक्षा मोलाची वाटते.

ही सगळी प्रमाणं मी गूगल शीटमध्ये, म्हणजे इंटरनेटवर राहणाऱ्या तक्त्यात, घातली. आता ती कुठल्या पुरात जाणार नाहीत.

पुढची अडचण ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच निरोप एका वेळी अनेकांना वेगवेगळा पाठवायची, होती. व्हॉट्सॲपवर एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर घालता येतात, पण ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच तो निरोप पोचतो. पुष्कळ दुकानदारांना ही अट माहीत नसते आणि मेसेज जातच नाहीत म्हणून ते त्रासतात. मला ही अट योग्य वाटते. नंबर सेव्ह करणं म्हणजे त्या घरानं आपल्याला ठेवून घेणं. पण ‘कृपया आमचा नंबर सेव्ह करा’ अशी पाटी लावून कुणी सेव्ह करत नाही, त्याला कारण लागतं. आम्ही कांडपाला आलेल्या प्रत्येकीला सांगायला लागलो, “ताई, तुम्ही थांबू नका, ठसका लागतो इथं. नंबर घालून ठेवा, चटणी झाली की काट्यावरचा फोटो पाठवते.” मिरची-मसाला आणताना एक वजन, कुटून चाळून झाल्यावर दुसरं, दोन्हीचे काट्यावरचे आकडे दिसतील असे फोटो जायला लागले. डंकावर वजनात घट किती येते यावरून या धंद्यात कायम कुजबुज असते. फोटो गेल्यापासून ती थांबली, आणि नंबर आपोआप सेव्ह झाले.

लेबलं, झटपट उत्तरं या सोयींवर फार लिहीत नाही, ॲप उघडलं की दिसतात. ‘/पत्ता’ टाइप केलं की पत्ता, वेळ आणि नकाशा एका दमात जातो, हंगामात त्यानं बराच वेळ वाचतो. कॅटलॉगची, म्हणजे माल आणि दर ॲपमध्येच मांडून ठेवायची, सोय नोव्हेंबर २०१९ पासून आहे, पण मिरचीचा दर बाजाराप्रमाणे हलतो. म्हणून त्यात कांडपाची मजुरी आणि तयार पाकिटांचेच दर ठेवले. मिरचीपुढं ‘त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे’ एवढंच. जुना दर दाखवून दुकानात वेगळा सांगितला तर एवढं जोडलेलं माणूस एका वाक्यात तुटतं.

आता मधल्या महिन्यांचं. या काळात आम्ही काही विकत नाही, फक्त स्टेटसला कामाची गोष्ट टाकतो. जूनमध्ये बरणी कशी भरायची: तळाला हिंगाचे खडे, चटणी दाबून, वर मीठ पसरून, आणि चमचा कोरडाच. जानेवारीत नवी ब्याडगी आली की मूठभर हातात घेऊन, देठ, सुरकुती आणि आतलं बी दाखवणारा छोटा व्हिडिओ. सगळ्यात जास्त उत्तरं आली ती हळदीच्या व्हिडिओला. एका वहिनींनी घाबरून लिहिलं होतं की साडीवर हळद सांडली, साबण लावला तर डाग लाल झाला, तुमच्या हळदीत काही मिसळलंय का? मी दुकानात हळकुंड त्यांच्यासाठी कॅमेऱ्यासमोर दळलं आणि त्या पुडीवर साबणाचं पाणी टाकलं. तीही लाल झाली. हळदीतलं करक्युमिन हे पिवळं रंगद्रव्य साबण, चुना अशा अल्कलीशी आलं की लालसर होतं, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. मग पाण्याच्या पेल्यात चमचाभर हळद टाकून दाखवली. चांगली हळद फिकट पिवळा रंग देत तळाला बसते, रंग मिसळलेली असली तर पाणी गडद पिवळं होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर धंदा करायचा तर शंका आली की लपवायची नाही, सगळ्यांपुढं उकलायची. तो व्हिडिओ वहिनींनी स्वतः चार ग्रुपवर पाठवला, आणि हळदीची विचारणा अनोळखी नंबरांवरून यायला लागली.

गूगलवर दुकानाची नोंद केली तेव्हा व्हिडिओनं पडताळणी झाली. रस्ता, पाटी, शटर उघडताना आणि आतलं यंत्र, हे एका सलग चित्रीकरणात दाखवावं लागलं. त्यानंतर बाहेरगावची माणसं नकाशा लावून येतात. अभिप्राय द्या म्हणून सांगते, पण त्याबदल्यात सूट देत नाही. गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि मलाही पटत नाही. पार्सल फुटून तेल बाहेर आल्याची एक तक्रार तिथं लिहिली गेली, तिला तिथंच सगळ्यांपुढं उत्तर दिलं आणि दुसरं पार्सल पाठवलं. तेव्हापासून आतली पिशवी दुहेरी सील करून वर पुठ्ठा.

पैसे देऊन जाहिरातही केली. फेसबुक-इन्स्टाग्रामवरून थेट व्हॉट्सॲपवर येणारी जाहिरात असते तशी. ‘किलो कसं?’ विचारून गप्प होणारेच जास्त आले. फक्त पुण्यापुरती, मराठीत आणि मार्चमध्ये ठेवली तेव्हा बरी माणसं मिळाली, ती बहुतेक सांगली-कोल्हापूरची, नोकरीसाठी तिकडं गेलेली. लहान धंद्यानं आधी आहे ते गिऱ्हाईक सांभाळावं आणि उरलेल्या पैशात जाहिरात करावी, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

पुण्याच्या त्या पार्सलांमुळं एक प्रश्न समोर आला. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलीनं लिहिलं, “आईच्या नावावर जे प्रमाण आहे तेच मला करून पाठवा.” मी लगेच हो म्हटलं नाही. प्रमाण आमच्या शीटमध्ये असलं तरी ते त्या घरचं. तिच्या आईंना फोन केला. त्या हसल्या, म्हणाल्या, “दे की तिला. लसणाचं तेवढं सांगू नको, ते मी सांगणार हाय.” लसणाचा रकाना रिकामा ठेवून पार्सल गेलं, आणि मायलेकींचं त्यावर अर्धा तास बोलणं झालं असं नंतर कळलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात गिऱ्हाइकाची माहिती वापरण्याआधी संमतीवर भर आहे. आमच्यापुरतं मी ठरवलं आहे: नंबर कुणाला द्यायचा नाही, प्रमाण विचारल्याशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि ‘मेसेज नको’ म्हटलं की त्याच दिवशी यादीतून नाव काढायचं.

तयार पाकिटं विकायची तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा, १४ आकडी नंबर, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, पत्ता आणि तक्रारीचा फोन हे लेबलवर लागतंच. बंगळूरूकडं पार्सलं जायला लागल्यावर जीएसटी नोंदणीही केली. ही कामं कंटाळवाणी आहेत, पण ज्यांनी आम्हाला बघितलेलं नाही ते पाकिटाच्या मागच्या बाजूवरूनच आम्हाला पारखतात.

मोठ्या विक्री संकेतस्थळावर माल टाका, असं बरेच जण सुचवतात. मी अजून गेले नाही. तिथं विक्री होते, पण गिऱ्हाईक त्या संकेतस्थळाचं राहतं. त्याचा नंबर आपल्या हाती येत नाही, म्हणजे प्रमाण विचारायचं कुणाला?

दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आमचा एकच मोठा निरोप जातो: “यंदाची मिरची बाजारात आली आहे. तुमचं प्रमाण गेल्या वर्षीचंच ठेवायचं की काही बदल?” उत्तरं आठवडाभर येत राहतात. थोरलीचं लग्न झालं, दोन किलो कमी करा. डॉक्टरांनी तिखट कमी सांगितलंय, ब्याडगी वाढवा. सून गुजरातची आहे, तिला वेगळी अर्धा किलो करायची. मी शीट बदलत जाते, रात्री बेरीज करते, आणि ब्याडगी किती, संकेश्वरी किती भरायची ते मामा त्या कागदावरून ठरवतात.